पासबुकात फक्त खर्च

सोफ्याला बुरशी लागू नये म्हणून आत कोंबायच्या पुड्या. किड्याच्या अंगात घुसून वाढणारी बुरशी. फिटची गोळी. सायकलपटूंच्या डोपिंगपायी बदनाम झालेलं इंजेक्शन. सर्दीची गोळी. यांचं एकमेकांशी नातं काय? ही पाचही मंडळी कधी ना कधी एकाच आजाराच्या दारात येऊन उभी राहिली आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस, सगळे म्हणतात एमएस. त्या दारात कोणाला पाट मिळाला आणि कोणाला उंबऱ्यावरूनच परत जावं लागलं, ते आता डोळ्याच्या आत, झेरॉक्सच्या कागदाइतक्या जाड थरात वाचता येतं.

एमएसमध्ये शरीराची रोगांशी लढणारी फौज घरच्यांवरच उलटते. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याची नस यांतल्या तंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं, ते ती कुरतडते. आधी संदेश अडखळतात, आणि हे बरेच दिवस चाललं की आतली तारच मरते. वेष्टण थोडंफार पुन्हा चढतं. मेलेली तार मात्र परत येत नाही. त्यामुळे अशाच तारांनी बनलेल्या डोळ्यातल्या त्या थराचं पासबुक अजब आहे. त्यात जमेचा रकाना नाही, नुसता खर्च. औषधाने करायचं काम एवढंच की खर्चाचा वेग कमी करायचा.

राजाचा नातू आणि टपाल

डिसेंबर १८२२. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा नातू ऑगस्टस देस्ते एका नातलगाच्या अंत्यविधीसाठी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गेला आणि थोड्याच दिवसांत त्याची नजर धूसर झाली. आलेली पत्रं दुसऱ्याने वाचून दाखवायची, उत्तरंही दुसऱ्यानेच लिहायची, अशी पाळी आली. वय अवघं २८. मग काहीही उपचार न करता डोळे आपोआप बरे झाले. पुढच्या वर्षांत पाय लटपटू लागले, बधिरपणा आला. त्यावर वैद्यांनी दिवसातून दोनदा गोमांसाचा तुकडा आणि सोबत वाइन असा खुराक लावला. खुराक राजेशाही, उपयोग शून्य. हे सगळं त्याने रोजनिशीत टिपून ठेवलं, म्हणून एमएसची बारकाईने लिहिलेली सर्वांत जुनी नोंद आज आपल्या हाती आहे. आजाराला धड नाव आणि रूप मिळालं ते १८६८ मध्ये, पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात, ज्याँ-मार्तँ शार्कोच्या हातून.

देस्तेचे डोळे औषधावाचून बरे झाले, हा तपशील तेवढा लक्षात ठेवा. पुढे तो फार महागात पडणार आहे.

डोळा म्हणजे मेंदूची ओसरी

गर्भात डोळ्याचा मागचा पडदा, म्हणजे रेटिना, मेंदूतूनच फुगा यावा तसा बाहेर येतो. रेटिना हा मेंदूचाच भाग, फक्त ओसरीवर येऊन बसलेला. त्याच्या पृष्ठभागावरून दहा-बारा लाख तंतू एका ठिकाणी गोळा होतात आणि डोळ्याची नस बनून मेंदूकडे निघतात.

आता यातली मौज. हे तंतू डोळ्याच्या आत असेपर्यंत त्यांच्यावर मायलिन नसतंच. डोळ्याच्या गोळ्यामागच्या चाळणीसारख्या भोकांतून बाहेर पडले की मग ते अंगावर वेष्टण घेतात. कारण सरळ आहे. मायलिन पांढरं आणि अपारदर्शक, ते पडद्यावर आलं तर उजेड आत शिरायचा कसा? निसर्गाने उजेडाची सोय पाहिली आणि आयती सोय झाली डॉक्टरांची. अंगावर कपडा नसलेली मेंदूची तार, तीही कवटीला हात न लावता, बघायला मिळते ती फक्त इथे.

हिरव्या उजेडातल्या चिरा

मशीन यायच्या आधीच दोघांना हे दिसलं होतं. १९७४ मध्ये लार्स फ्रिसेन आणि विल्यम हॉइट यांनी एमएसच्या रुग्णांचे डोळे लाल रंग वगळलेल्या, हिरवट उजेडात तपासले. अशा उजेडात तंतूंचा थर घोटीव रेशमासारखा चमकतो. त्या चमकीत त्यांना बारीक काळ्या चिरा दिसल्या. बऱ्याच दिवसांच्या पैठणीच्या घडीवर धागे विरावेत तशा. गंमत अशी की यातल्या काही जणांनी डोळ्याची तक्रारच केलेली नव्हती. पासबुकातला खर्च खातेदाराला पत्ता न लागता चालू होता.

उपग्रहांकडून थेट डोळ्याकडे

तो खर्च मोजायचा तर मशीन हवं. ते १९९१ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या परिसरात जन्मलं. डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो आणि एरिक स्वॉन्सन ही त्यामागची तीन मुख्य नावं. यातले स्वॉन्सन उपग्रहांनी एकमेकांशी लेझरने कसं बोलावं यावर काम करत होते! तंत्राचं नाव ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी. दवाखान्यात ते कोणी पूर्ण उच्चारत नाही, ओसीटी म्हणतात.

सोनोग्राफी आवाजाच्या पडसादावर चालते, ओसीटी उजेडाच्या. अडचण एवढीच की उजेड सेकंदाच्या अब्जाव्या भागात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. त्याचा पडसाद टिपणारं स्टॉपवॉच कुठून आणायचं? म्हणून किरणाचे दोन भाग करायचे, एक डोळ्यात पाठवायचा, दुसरा आरशावर, आणि परत आलेल्या दोघांची गाठ घालून द्यायची. दोघांच्या लाटा जुळल्या की कळतं, उजेड कितव्या थरावरून परतला. काही मायक्रॉनपर्यंतचा फरक यात कळतो. हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. बाजारातलं पहिलं मशीन १९९६ मध्ये आलं आणि तिघांना २०२३ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

तपासणी म्हणाल तर अगदी साधी. सुई नाही, बोगद्यात शिरणं नाही, ठणठणाट नाही. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं. "काकू, आतल्या खुणेकडे बघा. आता पापणी हलवू नका हं." समोरून एक लालसर रेघ सरकत जाते आणि शेजारच्या पडद्यावर डोळ्याचं आडवं कापलेलं चित्र उमटतं, मिलफॉयच्या कापासारखं, थरावर थर. सगळ्यांत वरचा थर तंतूंचा. निरोगी माणसात डोळ्याच्या नसेभोवती त्याची सरासरी जाडी ९० ते १०० मायक्रॉनच्या आसपास भरते. वयोमानाने दहा वर्षांत साधारण दोन मायक्रॉन झिजतात, तेवढं कोणाचंही जातं.

एमएसमध्ये एकदा डोळ्याची नस सुजली, म्हणजे ऑप्टिक न्यूरायटिस झाला, की हा थर सरासरी २० मायक्रॉनने पातळ झालेला आढळतो. आणि ज्या डोळ्याला कधीच सूज आलेली नाही, तोही सरासरी सात मायक्रॉन कमीच भरतो. शवविच्छेदनात तर एमएसच्या ९० टक्क्यांहून जास्त रुग्णांच्या डोळ्यांच्या नसांवर आजाराचे डाग सापडले आहेत.

तक्ता म्हणतो सहा-सहा, डोळा म्हणतो नाही

भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळ घडाघडा वाचणारा एमएसचा रुग्ण पांढऱ्या कपात दूध ओतताना ते काठाबाहेर जाईपर्यंत ओततो. पांढऱ्या फरशीवरची रांगोळी त्याच्या पायाखाली येते. रेल्वेच्या पुलाची शेवटची पायरी संधिप्रकाशात त्याला सपाट भासते. काळं अक्षर पांढऱ्यावर वाचणं सोपं असतं. जगातल्या बहुतेक गोष्टी फिक्यावर फिक्या असतात.

म्हणून वेगळा तक्ता वापरतात. त्यावरची अक्षरं इतकी पुसट राखाडी असतात की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, छापायचं राहून गेलंय. अक्षरांचा हा साचा लुईस स्लोन यांचा, १९५९ मधला. एमएसच्या औषधांच्या चाचण्यांत पुसट तक्त्याला मानाचं पान मिळवून दिलं ते अमेरिकेतल्या लॉरा बाल्सर यांनी. तंतूंचा थर जितका पातळ, तितकी पुसट अक्षरं कमी वाचता येतात. काळ्याभोर अक्षरांच्या तक्त्यावर हे सगळं झाकलेलं राहतं.

घरातल्या घरात दिसणारी खूण हवी असेल तर कुंकवाचा करंडा घ्या आणि एकेक डोळा झाकून बघा. सूज येऊन गेलेल्या डोळ्याला तेच कुंकू विटल्यासारखं दिसतं. तपासणीच्या खोलीत डॉक्टर हेच बाटलीच्या लाल झाकणावर करतात.

गोल फिरणारा लंबक

भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचा लंबक डावीउजवीकडे हलतो. एमएसने एक डोळा धरलेल्या काही जणांना मात्र तो लंबवर्तुळात गोल फिरताना दिसतो! खराब डोळ्याचा निरोप मेंदूत काही सहस्रांश सेकंद उशिरा पोचतो. दोन डोळ्यांच्या बातम्यांत तफावत पडली की मेंदू मधला मार्ग काढतो आणि लंबकाला नसलेली खोली बहाल करतो. अंगावर येणारा चेंडू किंवा चौकातली रिक्षा नेमकी कुठे आहे याचा अंदाज त्यामुळेच चुकतो.

हे १९२२ मध्ये उलगडून सांगितलं कार्ल पुलफ्रिख यांनी. ते जर्मनीत येना इथे झाइस कंपनीत होते, आणि एका डोळ्याने आंधळे होते. या खेळाला दोन डोळे लागतात. म्हणजे ज्याच्या नावाने हा चमत्कार ओळखला जातो, त्याला तो स्वतः कधी दिसायचा नव्हता. पुढे ओसीटीचं पहिलं मशीन बाजारात आणलं तेही झाइसनेच.

तीन दिवसांचं सलाईन

डोळा सुजला, हलवला की दुखतोय, दिसेनासं झालंय. अशा वेळी शिरेतून स्टेरॉइड देतात, हे एमएसच्या घराघरांत ठाऊक असतं. तीन-पाच दिवसांत फरक पडायला लागतो आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. डोळा वाचला!

वाचला का, हा प्रश्न अमेरिकेत ४५७ रुग्णांवर नीट चिठ्ठ्या टाकून तपासला गेला. पहिला निकाल १९९२ मध्ये आला आणि तो तिरकसच होता. शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडने नजर लवकर परतली हे खरं, पण सहा महिन्यांनी पाहिलं तर स्टेरॉइडवाले आणि नुसत्या साखरेच्या गोळीवाले जवळपास एकाच ठिकाणी पोचले होते. देस्तेचे डोळे आपोआप बरे झाले होते ना? तेच. आणि साध्या डोसच्या तोंडाने घ्यायच्या प्रेडनिसोनच्या गोळ्या ज्यांना एकट्याच दिल्या, त्यांच्यात पुन्हा सूज येण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांवर भागवू नका असं डॉक्टर बजावतात, त्यामागे ही चाचणी आहे.

तंतूंच्या जमाखर्चात स्टेरॉइडने काही वाचवल्याचा ठोस पुरावा मिळालेला नाही. नजर परत येणं आणि तार शाबूत राहणं, या दोन वेगळ्या गोष्टी. सूज उतरली, वेष्टण थोडं भरलं, मेंदू उरलेल्या तारांत संसार चालवायला शिकला, की माणसाला दिसू लागतं. गेलेल्या तारा मात्र गेल्याच. त्यामुळे "दिसतंय ना, मग रोजचं औषध कशाला?" हा घरोघरचा सवाल कितीही रास्त वाटला तरी चुकीच्या खिडकीवर विचारलेला असतो.

फसवी जमा

आता हिशोबतपासनिसाच्या कामाला लागू. पासबुकात जमा नसते म्हणालो, पण कधी कधी ती दिसते. नस नुकतीच सुजलेली असताना ओसीटी केलं तर थर जाड भरतो. रुग्ण खूश, नवखा डॉक्टरही खूश. ती जाडी सुजेची असते. पाणी उतरतं तसा थर खाली येतो, आणि तीन ते सहा महिन्यांत खरा आकडा समोर येतो. म्हणून जाणकार तंतूंच्या थराबरोबर त्याखालचा गँग्लिऑन पेशींचा थरही बघतात. हा सहसा फुगत नाही, त्यामुळे थापा मारत नाही.

दुसरी फसवी जमा औषधच करतं. जपानमधल्या क्योतोचे संशोधक तेत्सुरो फुजिता ज्या बुरशीच्या मागे लागले होते, ती किड्यांच्या अंगात वाढते, हिमालयातल्या कीडाजडीची लांबची नातलग. चिरतारुण्याची म्हणून तिची ख्याती होती. तिच्यातल्या रसायनात फेरफार करून फिंगोलिमोड तयार झालं आणि २०१० मध्ये अमेरिकेत एमएसला आवर घालणारी पहिली तोंडाने घ्यायची गोळी म्हणून मान्य झालं. टोचून घेऊन मांड्या चाळण झालेल्यांसाठी ही सुटकाच होती. ही गोळी लढाऊ पेशींना लिंफच्या गाठींत कोंडून ठेवते. पहिल्या दिवशी नाडी मंदावते म्हणून सहा तास दवाखान्यात बसवून ठेवतात. आणि नेहमीच्या डोसवर हजारात चार-पाच जणांच्या डोळ्यात, पडद्याच्या नेमक्या मध्यावर, पाणी साचतं. मधुमेह असेल तर हा धोका वाढतो. म्हणून गोळीच्या आधी आणि तीन-चार महिन्यांनी डोळा तपासायचा असतो. एमएसचा डॉक्टर मेंदूचा, पण गोळीची चिठ्ठी आधी डोळ्याच्या डॉक्टरकडून फिरून येते, ती यामुळे. गंमत म्हणजे पाणी न साचलेल्या रुग्णांतही या गोळीवर पडद्याचा मधला भाग किंचित जाड झाल्याचं आढळलंय. त्याला तंतू वाचल्याची पावती समजायचं नाही.

जुनी देणी

याच्या उलटही होतं. औषध जोरकस, माणूस बरा, आणि पासबुकात पहिल्या वर्षी खर्च मात्र वाढलेला! रिटुक्सिमॅबवर असलेल्या रुग्णांमध्ये हे दिसलं. पहिल्या बारा महिन्यांत थर जरा भरभर पातळ झाला, मग वेग मंदावला. हे औषध बी पेशींचा नायनाट करतं आणि तुलनेने स्वस्त असल्याने आपल्याकडे पुष्कळ वापरतात.

याचं कारण तारेच्या लांबीत आहे. घाव बसतो नसेत, डोळ्याच्या मागे. तिथून तार मरत मरत उलटी पडद्यापर्यंत यायला आठवडे, महिने लागतात. औषध सुरू केलेल्या दिवशी जुने घाव वाटेतच असतात. पहिल्या वर्षाच्या नोंदींत मागची उधारीही फिटत असते, आणि ती नव्या औषधाच्या नावावर टाकणं अन्याय ठरेल.

मग कोणतं औषध खर्च रोखतं?

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या औषधांवरच्या रुग्णांचे जुने ओसीटी ओळीने मांडले. नॅटॅलिझुमॅबवर असलेल्यांचा गँग्लिऑन थर निरोगी माणसांच्याच वेगाने झिजत होता. इंटरफेरॉन आणि ग्लॅटिरॅमर घेणाऱ्यांचा त्याहून जास्त वेगाने. वाचायला अगदी सरळ निकाल वाटतो. पण हे रुग्ण चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते. कोणाला काय द्यायचं ते त्यांच्या त्यांच्या डॉक्टरांनी ठरवलेलं. एवढी खोट मनात धरूनही माझं मत असं की दिशा स्पष्ट आहे. मेंदूत नवे डाग जितके कमी, तितका डोळ्यातला खर्च कमी.

नॅटॅलिझुमॅबची स्वतःची कुंडलीही वादळी आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत मंजुरी, फेब्रुवारी २००५ मध्ये बाजारातून माघार, २००६ मध्ये पुनरागमन. मेंदूत एका सुप्त विषाणूला मोकळं रान मिळून जीवघेणा आजार झाल्याची प्रकरणं निघाली होती. म्हणून आज रक्तात त्या विषाणूची खूण आहे का, हे आधी पाहतात.

ग्लॅटिरॅमरचा जन्म तर अपघातानेच. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत मायकेल सेला, रूथ आर्नोन आणि द्वोरा टाइटेलबॉम यांना प्राण्यांत एमएससारखा आजार घडवणारं रसायन बनवायचं होतं. बनलं ते आजार रोखणारं. आणि १९९३ मध्ये इंटरफेरॉन बीटा आलं तेव्हा माल इतका तुटपुंजा होता की अमेरिकेत रुग्णांची चक्क लॉटरी काढली.

आजार हळूहळू सतत वाढत जाण्याच्या टप्प्यावर पोचला की मात्र चित्र पालटतं. तिथे थर जास्त वेगाने झिजतात आणि प्रचलित औषधांनी त्या वेगाला पुरेसा लगाम बसलेला दिसत नाही. या विषयातली सर्वांत खिन्न करणारी बाब हीच.

सोफा, सायकल आणि फिटची गोळी

सोफ्याची गोष्ट राहिली. २००७-०८ च्या सुमारास युरोपात चीनहून आलेल्या सोफ्यांवर बसणाऱ्यांच्या पाठी-मांड्या भाजल्यासारख्या लाल होऊ लागल्या. आत बुरशीनाशक डायमिथाइल फ्युमरेटच्या पुड्या होत्या. युरोपने २००९ मध्ये मालात ते वापरायला बंदी घातली. चारच वर्षांनी, २०१३ मध्ये, तेच रसायन कॅप्सूलमध्ये भरून एमएसचं औषध म्हणून अमेरिकेत मान्य झालं. याच घराण्यातली रसायनं १९५९ मध्ये वाल्टर श्वेकेंडिक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने स्वतःच्या सोरायसिसवर वापरून पाहिली होती. चोर आणि पोलीस एकाच अंगरख्यात.

आता प्रश्न असा की रोजच्या औषधांनी फौजेला आवर घातला, पण सूज आलेली असतानाच तार वाचवायची असेल तर? इथे डोळा प्रयोगशाळा बनतो. घाव कुठे आणि कधी बसला हे नक्की ठाऊक असतं, आणि निकाल मायक्रॉनमध्ये मोजता येतो.

पहिली पाळी फेनिटॉइनची, म्हणजे फिटच्या गोळीची. सुजलेल्या तारेत सोडियम भराभर घुसतो आणि तिला मारतो. ही गोळी सोडियमचा तो दरवाजा अडवते. ब्रिटनमध्ये ८६ रुग्णांवर चाचणी झाली, निकाल २०१६ मध्ये आला. तंतूंच्या थराचं नुकसान सुमारे ३० टक्के कमी झालं! आनंदाची गोष्ट, पण सहा महिन्यांनी दृष्टीत मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. तारा वाचल्या, तक्त्याला पत्ता नाही. देस्तेची गोष्ट उलटी करून वाचल्यासारखं.

मग एरिथ्रोपोएटिन, सायकलपटूंचं लाडकं ईपीओ. जर्मनीतल्या छोट्या चाचणीत त्याने तंतू वाचवल्यासारखं वाटलं. शंभराहून थोड्या जास्त रुग्णांवर मोठी चाचणी घेतली, २०२१ मध्ये निकाल लागला, आणि ईपीओ उंबऱ्यावरूनच परत गेलं. छोट्या चाचणीवर पेढे वाटू नयेत ते यासाठी.

सर्दीच्या गोळीचे १.७

क्लेमास्टिन ही शिंका आणि अंगावर उठणाऱ्या पित्तावरची जुनी गोळी. कॅलिफोर्नियात जोना चॅन यांच्या प्रयोगशाळेत केसाहून बारीक सुळक्यांवर मायलिन बनवणाऱ्या पेशी सोडल्या आणि हजारेक औषधं टाकून पाहिली. सुळक्यांभोवती वेष्टण गुंडाळायला कोणतं औषध लावतं? क्लेमास्टिन वर आलं. आरी ग्रीन यांनी मग ते ५० रुग्णांना दिलं.

मापलं कशाने? ओसीटीने नाही. डोळ्याच्या आत मायलिनच नाही म्हटल्यावर ते भरून आलेलं ओसीटीला दिसणार कुठून! इथे बुद्धिबळाचा पट कामी येतो. काळे-पांढरे चौकोन पडद्यावर सारखे आलटून पालटून दाखवायचे आणि डोक्याच्या मागे लावलेल्या तारांनी निरोप किती वेळात पोचला ते मोजायचं. निरोगी माणसात सुमारे १०० मिलिसेकंद. क्लेमास्टिनवर हा वेळ सरासरी १.७ मिलिसेकंदांनी कमी झाला. आकडा हसू यावा असा. पण झालेली जुनी इजा भरून निघाल्याची ती खूण होती, आणि २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा या क्षेत्रात खरीखुरी खळबळ उडाली. रुग्णांना पेंग आली, थकवा वाढला. पुढे दुसऱ्या एका चाचणीत काही जणांचा आजार बळावल्यासारखा दिसल्यावर हे औषध तिथे थांबवावं लागलं. घरच्या डब्यातली सर्दीची गोळी एमएसवर चालेल, असं कोणी सांगितलं तर हात जोडून नको म्हणा.

दोन ओळींत

मायटोझँट्रोन हे औषध शाईसारखं गडद निळं असतं. घेतल्यावर लघवी निळसर-हिरवी होते आणि डोळ्यांचा पांढरा भागही काही काळ निळसर दिसू शकतो!

ताप आला, उन्हातून आलं, गरम पाण्याने आंघोळ केली की जुनी सूज येऊन गेलेला डोळा धूसर होतो आणि अंग थंड झालं की निवळतो. १८९० मध्ये विल्हेल्म ऊटहॉफ यांनी हे टिपलं. इंटरफेरॉन टोचल्यावर येणाऱ्या कणकणीतही असं होऊ शकतं. पासबुकात त्याची नोंद होत नाही.

एमएस हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे नाहीच, असं एकेकाळी मानत. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांनी पारशी समाजात तो लक्षणीय प्रमाणात आहे, हे दाखवून दिलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याचं नाव आज स्वतंत्रपणे आहे.

आणि एक सावधगिरीचं. ओसीटीवर थर फारच खचलेला दिसला, दोन्ही डोळे एकदम गेले, तर डॉक्टर आधी न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा चुलतभाऊ तर नाही ना, ते रक्त तपासून पाहतात. कारण एमएसची काही औषधं, इंटरफेरॉन आणि फिंगोलिमोडही, त्या आजाराला आणखी चिथवतात.

मागचा कागद आणलाय का?

एका अहवालाने काय कळतं? २०१६ मध्ये अनेक देशांतल्या रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिलं, तर ज्यांचा थर ८७-८८ मायक्रॉन किंवा त्याहून कमी होता, त्यांच्यात पुढच्या दोन-तीन वर्षांत अधूपणा वाढण्याची शक्यता दुप्पट निघाली. त्याआधी २०१५ मध्ये चार वर्षं चाललेल्या अभ्यासात १०७ रुग्णांच्या डोळ्यातला गँग्लिऑन थर आणि एमआरआयमधला मेंदू एकाच तालात आकसताना दिसले. आणि आता निदानाच्या नव्या निकषांत, जे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, डोळ्याच्या नसेला आजाराच्या खुणा शोधायचं पाचवं अधिकृत ठिकाण म्हणून जागा मिळाली. त्यात दोन डोळ्यांतला फरकही धरतात. गँग्लिऑन थरात चार मायक्रॉनचा फरक पुरतो. झेरॉक्सच्या कागदाचा पंचविसावा भाग.

इतक्या बारीक कामात मशीनची स्वतःची चूकही मायक्रॉन-दोन मायक्रॉनची असते. वर्षभराची झीज त्याच मापात बसते. म्हणून औषध लागू पडलं की नाही ते दोन-तीन वर्षांच्या नोंदी ओळीने लावल्याशिवाय सांगता येत नाही. शिवाय एका कंपनीच्या मशीनवरचा ९२ आणि दुसरीच्या मशीनवरचा ८६ यांची वजाबाकी करायची नसते. दोघींच्या मोजपट्ट्याच वेगळ्या. शक्यतो तेच मशीन, तीच जागा.

त्यामुळे खोलीत शिरल्या शिरल्या, हनुवटी टेकवायच्याही आधी, तंत्रज्ञ मुलगी हात पुढे करते.

"काकू, मागच्या वर्षीचा कागद?"

काकू पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढतात. एमआरआयच्या फिल्मा, इंजेक्शनच्या पावत्या, रेशन कार्डाची झेरॉक्स, आणि तळाशी घडी पडलेला तो रंगीत कागद. डावा ८१. उजवा ९३.

"हां, हाच. बसा. आधी उजवा डोळा."